शेरा रकान्यातली ‘पेरणी’: एका परवानाधारक सावकाराच्या दप्तर तपासणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमरावती विभागातले एक तालुक्याचे गाव. सराफा ओळीत जुने दुकान, पुढे दागिन्यांचा काउंटर आणि मागच्या खोलीत गहाणाचा व्यवहार. सावकारीचा परवाना वडिलांच्या नावावर. दुकान आता मुलगा चालवतो आणि गहाणाचे रजिस्टर दिवाणजींच्या हाती असते. दुकानाची, माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. खात्यांतल्या रकमा व तारखाही बदलून नमुन्यापुरत्या दिल्या आहेत, पण घडले त्याचा क्रम तोच आहे. मी आत आलो तो तपासणीचा मेमो हातात पडल्यावर, उत्तर तयार करायला.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे. 1946 च्या मुंबई सावकार अधिनियमाच्या जागी 2014 मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. अंमलबजावणी सहकार खात्याकडे आहे. तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक आणि सगळ्यात वर पुण्याचे सहकार आयुक्त. परवान्याची मुदत दर वर्षी 31 मार्चला संपते. परवाना ठरावीक क्षेत्रापुरताच असतो. सावकाराने रोजकीर्द आणि खतावणी ठेवायची, कर्जदाराला पावती व हिशेब द्यायचा आणि अधिकाऱ्याने मागितले की दप्तर पुढे ठेवायचे.

व्याजाचे दर सरकारने ठरवून दिलेले आहेत. शेतकऱ्याला तारणावर द.सा.द.शे. 9, विनातारण 12. शेतकरी नसलेल्याला तारणावर 15, विनातारण 18. सराफ्यात वर्षाचा दर कुणी बोलत नाही, बोली महिन्याची असते: पाऊण, एक, सव्वा, दीड, म्हणजे वर्षाचे अनुक्रमे 9, 12, 15, 18. चक्रवाढ चालत नाही आणि मुदलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही.

या दुकानात सरसकट सव्वा. शेतकरी असो, शिक्षक असो, पानटपरीवाला असो, तारण सोन्याचे म्हणजे शेकडा सव्वा. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, कायद्यात पंधरा टक्के आहे ना? मग आम्ही पंधराच घेतो.” त्यात त्याला काही वावगे दिसत नव्हते. सावकार म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते तसा हा माणूस नाही. तालुक्यात महिन्याला शेकडा पाच घेणारे बिनपरवाना लोक आहेत आणि तोही ते जाणून आहे. आपण कायद्यात आहोत अशी त्याची मनापासून समजूत होती, म्हणूनच हे प्रकरण लिहावेसे वाटले.

तपासणीत काय निघाले

2023-24 च्या परवान्याची मुदत संपण्याआधी, फेब्रुवारीत सहायक निबंधक कार्यालयाचे अधिकारी आले. त्यांनी आधी तिजोरी पाहिली. काही पाकिटे स्वतः निवडून उघडायला लावली, ढोबळ आणि निव्वळ वजन पावतीशी ताडले, काट्यावरचा वैधमापनचा शिक्का पाहिला. हे सगळे चोख निघाले. दिवाणजींचा जीव भांड्यात पडला.

मग रजिस्टर उघडले. जूनच्या पानांवर एका ओळीत असे होते: तारीख 8 जून 2023, मुद्दल 30,000, तारण पोत व कानातले, दर सव्वा, आणि शेवटच्या शेरा रकान्यात दिवाणजींच्या वळणदार अक्षरात ‘पेरणी’. त्याखालच्या ओळीत ‘बियाणे’. आणखी दोन ओळी सोडून ‘पेरणी, सोड. दिवाळी’, म्हणजे गिऱ्हाईक दिवाळीत सोडवणार आहे. अधिकाऱ्यांनी पेन्सिलीने समासात बारीक टिंबे करायला सुरुवात केली. पान संपेपर्यंत टिंबांची रांग झाली.

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सोने मृगाच्या सुमाराला गहाण पडते आणि सोयाबीन विकले की दिवाळीच्या आत सुटते. दिवाणजी हा शेरा वर्षानुवर्षे लिहीत होते, कारण माल कधी सुटणार याचा अंदाज त्यावरून येतो. तीच नोंद आता सांगत होती की कर्जदार शेतकरी आहे, हे दुकानाला ठाऊक होते आणि तरी दर बिगरशेतकऱ्याचा लावला.

दुसरी गोष्ट महिन्याची. 28 जूनला 20,000 नेले आणि 3 ऑगस्टला सोडवले, तर दुकानाच्या रिवाजाने ‘दोन महिने चढले’. व्याज 500. प्रत्यक्ष दिवस 36. पंधरा टक्क्यांनी 36 दिवसांचे व्याज 296 होते. म्हणजे पाटीवर पंधरा आणि या खात्यात वसुली पंचवीस टक्क्यांच्याही वर. कर्जदार शेतकरी नव्हता, तरीही दर मोडला. मला विचाराल तर संपूर्ण तपासणीतला सर्वांत अवघड मुद्दा हाच होता, कारण इथे ‘शेतकरी कोण’ हा वाद घालायलाही जागा नव्हती.

तिसरे, प्रत्येक पावतीवर 50 रुपये ‘पाकीट खर्च’. मूल्यांकन, पाकीट, तिजोरी अशा नावाने कर्जदाराकडून किरकोळ खर्च काढायला कायद्यात जागा नाही. चौथे, शेजारच्या तालुक्यातली काही गिऱ्हाइके. परवाना एकाच तालुक्याचा. मुलाचे म्हणणे, “तेच दुकानात येतात, आम्ही कुठं जातो तिकडं?” पण 2015 मध्ये सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडचे कर्ज माफ केले, तेव्हा क्षेत्राबाहेर दिलेल्या कर्जांचा प्रश्न किती चिघळला हे सराफ्यातल्या जुन्या लोकांना पक्के आठवते. मेमोत हा मुद्दा एका ओळीत होता. मीही त्यावर फार वेळ घालवला नाही.

एकच खाते पूर्ण मांडून पाहू, म्हणजे मेमो किती बोचरा होता ते कळेल. वरचे 30,000 चे कर्ज 6 नोव्हेंबरला, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुटले. दुकानाने पाच महिने धरले, सव्वाच्या दराने 1,875 घेतले, वर पाकीट खर्चाचे 50. एकूण 1,925. नऊ टक्क्यांनी 151 दिवसांचे व्याज होते 1,117. म्हणजे जादा 808 रुपये. माणूस आपली पोत घेऊन आनंदाने घरी गेला होता. कुणाचीही तक्रार नव्हती.

जाताना अधिकाऱ्यांनी शेवटच्या नोंदीखाली तारखेनिशी सही केली आणि लेखी खुलासा मागितला.

पर्याय

पहिला पर्याय मला सांगण्याआधीच घरात बोलून झाला होता. एका नातेवाइकाचा सल्ला: रजिस्टर नवीन लिहून काढा, शेरा रकाना कोरा ठेवा. मी फक्त दोन गोष्टी दाखवल्या. एक, अधिकाऱ्यांची सही आणि समासातली टिंबे. दुसरी, गिऱ्हाइकांच्या घरी असलेल्या पावत्या, ज्यांवर दर आणि तारीख छापील आहे. पण खरे कारण याहून साधे आहे. जादा व्याज घेतले हा एक दोष आहे आणि तो भरून देता येतो. दप्तर बदलले की तो माणूस कायमचा खोटा ठरतो. त्यानंतर त्याची खरी वजनेसुद्धा कुणी खरी मानत नाही. म्हाताऱ्या शेठजींनी हा विषय एका वाक्यात संपवला: “तीस वर्षं दिवाणजींनी लिहिलंय, ते पुसायचं नाही.”

दुसरा पर्याय भांडण्याचा. याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पुष्कळ तारणे बायकांच्या नावाने होती. दागिना सुनेचा, पावती सुनेची, जमीन सासऱ्याची. एका बाईंशी फोनवर बोलणे झाले तेव्हा त्या म्हणाल्या, “वावर माह्या सासऱ्याच्या नावानं हाये, पन राबतो तं आमीच.” सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्या शेतकरी नाहीत, असे कागदोपत्री म्हणता आले असते. मुलाचा कल याच बाजूला होता. शिवाय त्याचा राग समोरच्या सोनेतारण कंपनीवर. “ते आमच्यापेक्षा जास्त घेतात, त्यांना कोण विचारतं?” कंपनी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतली आहे. अशा वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केले. त्याचा राग मला कळतो. पण आपल्या परवान्याच्या सुनावणीत शेजाऱ्याच्या दराचा काही उपयोग नसतो.

तिसरा पर्याय बऱ्याच ठिकाणी वापरला जातो: ज्या खात्यांपुढे टिंब आहे तेवढ्यांचेच पैसे परत करायचे आणि चूक अनवधानाने झाली असे लिहायचे. खर्च कमी, उत्तर लवकर. पण टिंबे नमुन्यादाखल घेतलेल्या पानांवर होती. बाकीची पाने तशीच होती हे आम्हालाही माहीत होते आणि अधिकाऱ्यांनाही. पुढच्या वेळी दुसरी पाने निघाली की ‘अनवधान’ हा शब्द पुन्हा वापरता येणार नाही.

चौथा पर्याय, चालू परवाना वर्षातले प्रत्येक खाते, सुटलेले आणि चालू, नव्याने मोजायचे. पैसे जास्त जाणार, माणसे शोधावी लागणार आणि 31 मार्च तोंडावर.

मधली वाट निघाली ती अशी: चौथा पर्याय धरायचा आणि दुसऱ्यातला जो भाग खरोखर टिकणारा आहे तेवढाच लढवायचा. उदाहरणार्थ, शेरा रकान्यात ‘बियाणे’ लिहिलेली दोन खाती कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याची होती. तो दुकानात भरायला बियाणे घेत होता, त्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही. तिथे दर सव्वाच बरोबर. अशी खाती वेगळी काढली.

काय केले

पहिला प्रश्न: शेतकरी कुणाला म्हणायचे? यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दुकानाने स्वतःपुरता नियम लिहून काढला. कर्जदाराच्या नावावर सातबारा किंवा आठ-अ असेल तर शेतकरी. नाव नसेल, पण एकाच घरातल्या नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, वडिलांच्या नावावर असेल आणि कर्ज शेतीसाठी असेल तरीही शेतकरी. शंका असेल तिथे पाऊण. या शेवटच्या चार शब्दांवर मुलगा अडून बसला होता. मी त्याला पूर्ण यादीत शंकेची खाती किती आणि त्यांतला फरक किती, हे जोडून दाखवले. रक्कम पाहिल्यावर त्याने वाद सोडला. ज्यासाठी भांडायचे ती रक्कम आधी मोजावी. पुष्कळ भांडणे तिथेच संपतात.

मग गाववार याद्या. महाभूलेखवर, म्हणजे सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर, गाव निवडून नावाने शोधता येते, त्यामुळे प्रत्येकाला उतारा आणायला धाडावे लागले नाही. नावांचे घोळ मात्र भरपूर. एकाच गावात एकाच नावाचे तिघे, पावतीवर माहेरचे नाव, उताऱ्यावर वारस नोंद झालेली नाही. दिवाणजी इथे कामाला आले. त्यांना माणूस चेहऱ्याने नाही तर दागिन्याने आठवतो. “तो गोफवाला म्हणजे धाकटा, त्याची जमीन वेगळी झाली,” असे ते सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर निघे.

हिशेबाचा तक्ता एक्सेलमध्ये केला. मुद्दल, दिल्याची तारीख, सुटल्याची तारीख, दिवस, लागू दर, व्हायचे व्याज, घेतलेले व्याज, पाकीट खर्च, जादा. चालू खात्यांत जादा रक्कम येणे व्याजातून वजा केली आणि कर्जदाराला तशी दुरुस्त पावती दिली. सुटलेल्या खात्यांत पैसे बँकेत जमा केले, रोखीने नाही, कारण रोखीची पावती पुन्हा आपल्याच रजिस्टरचा पुरावा होते. ज्यांचे खाते नंबर नव्हते त्यांना निरोप धाडले. गावात याची चर्चा झालीच. सावकार फोन करून पैसे परत घ्या म्हणतो, यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसेना. एका गिऱ्हाइकाला तर हा ऑनलाइन फसवणुकीचा फोन वाटला आणि त्याने तोंडसुख घेऊन फोन आपटला.

किती मागे जायचे, हा पुढचा निर्णय. मेमो चालू परवाना वर्षापुरता होता. आधीच्या वर्षांच्या तपासण्या होऊन गेल्या होत्या, तेव्हा कुणी हे काढले नव्हते. दुकानाने 1 एप्रिल 2023 ही रेघ ओढली. त्याआधीचा कुणी पावती घेऊन आला तर त्याचाही हिशेब करून देऊ, असे खुलाशातच लिहिले. माझ्या मते ही रेघ सोयीची आहे, न्यायाची नाही. कर्जदाराचे पैसे काही 1 एप्रिलपासून जादा जायला लागले नव्हते. पण जुनी पाकिटे, जुने पत्ते, मेलेली माणसे हे सगळे उकरून काढत बसलो असतो तर चालू वर्षाचेही काम झाले नसते, हेही खरे.

खुलासा लिहिताना ‘नजरचुकीने’, ‘अनवधानाने’ असले शब्द टाळले. सरळ लिहिले की दर लावताना कर्जदाराचा वर्ग पाहिला जात नव्हता आणि अपुरा महिना पूर्ण धरला जात होता. सोबत तक्ता, बँकेच्या नोंदी, नव्या पावतीचा नमुना आणि वाद असलेल्या खात्यांची वेगळी यादी कारणांसह.

निष्पत्ती

सुनावणी एकदाच झाली. कृषी केंद्रवाल्याची खाती मान्य झाली. सुनेच्या नावावरच्या खात्यांबद्दल आम्ही आधीच कमी दर दिला होता, त्यामुळे चर्चाच झाली नाही. पाकीट खर्च बंद. क्षेत्राबाहेरची नवी कर्जे थांबवून नूतनीकरणासोबत क्षेत्र वाढवून मागण्याची सूचना मिळाली. सहायक निबंधकांचा अहवाल शेऱ्यांसह पण अनुकूल गेला आणि परवाना नूतनीकरण झाला.

मात्र उशिरा. 31 मार्च उलटून गेला तरी आदेश हातात नव्हता. अर्ज वेळेत दिलेला असताना मधल्या काळात नवीन कर्ज द्यायचे का? मुलाचे म्हणणे होते द्यायचे, सगळेच देतात. बिनपरवाना सावकारीला कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि नुकत्याच तपासणी झालेल्या दुकानाने असला धोका घेऊ नये, असे मी म्हटले. दुकानाने जुनी खाती सोडवून देणे चालू ठेवले, नवीन गहाण बंद. आदेश मेच्या अखेरीस आला, म्हणजे पेरणीच्या पैशांची गरज जेव्हा सुरू होते ते दिवस हातचे गेले. त्या काळात दारातून परत गेलेल्या बायामाणसांपैकी काही समोरच्या कंपनीत गेल्या असतील. काही शेकडा पाचवाल्याकडे गेल्या, हे दिवाणजींनी नावानिशी सांगितले. नऊ टक्क्यांचा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थेतूनच या बायका महिन्याला पाच टक्क्यांकडे ढकलल्या गेल्या. याचा दोष मी एकट्या दुकानाला देणार नाही. तपासणी फेब्रुवारीऐवजी दिवाळीनंतर लगेच झाली असती, तर सगळ्यांचेच काम वेळेत उरकले असते.

परताव्याची काही रक्कम पडून राहिली. माणसे सापडली नाहीत किंवा आली नाहीत. शेठजी म्हणाले, देवळाला देऊन टाकू. भावना चांगली, पण पैसे देवाचे नव्हते, कर्जदाराचे होते. ती रक्कम हिशेबात ‘कर्जदारांचे देणे’ म्हणून वेगळी दाखवली आहे, नावांच्या यादीसह.

वेगळे काय करता आले असते

दुकानापुरते बोलायचे तर सगळे पावतीवर अवलंबून होते. गहाण घेताना ‘शेतकरी आहात का, जमीन कुणाच्या नावावर’ हा एक प्रश्न आणि त्याखाली कर्जदाराची सही, एवढे असते तर मेमोचा अर्धा भाग निघालाच नसता. आता नव्या पावतीवर तो रकाना आहे. चारही दरांची पाटी काउंटरवर लावली आहे, त्यामुळे गिऱ्हाईकच विचारते, “मले पाऊण काऊन नाही?” व्याज दिवसांवर निघते. दिवाणजींना तो तक्ता अजून रुचत नाही. ते आधी तोंडी महिने मोजतात आणि मग स्क्रीनवरचा आकडा पाहून मान हलवतात. शेरा रकाना मात्र त्यांनी सोडलेला नाही आणि तो सोडू नये असे मीही सांगितले आहे.

मला जास्त खटकते ते भांडण्याच्या पर्यायाबद्दल. सुनेच्या खात्यांवर आम्ही वाद न घालता कमी दर दिला. रकमा लहान होत्या, म्हणून व्यवहाराने ते शहाणपणाचे ठरले. पण त्यामुळे कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळालेच नाही. घरातल्या जमिनीवर नाव नसलेली, पण त्या शेतीसाठी स्वतःचे सोने ठेवणारी बाई या दरांसाठी शेतकरी आहे की नाही? नमुन्यादाखल एक खाते वादात ठेवले असते तर तालुक्यातल्या सगळ्या दुकानांना लागू पडेल असे काहीतरी कागदावर आले असते. पुढच्या नूतनीकरणाच्या अर्जासोबत हाच प्रश्न वेगळे पत्र म्हणून जोडायचा, असे आता ठरले आहे. पत्राचा मसुदा शेठजींकडे आहे. त्यांनी त्यात एकच दुरुस्ती केली: ‘स्त्री कर्जदार’ खोडून ‘आमच्या गिऱ्हाईक बायका’ असे लिहिले. ती मी तशीच ठेवली.